तो उसाच्या फडावर होता आणि मी त्याला 'हजर' लावत होतो

डोंगरपट्टा

परवा आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत शेजारी बसलेल्या एका नव्या शिक्षकाने हळूच विचारलं, "सर, मुलांना जीव लावा म्हणतात, पण तो दाखवायचा कसा? जवळ घ्यायची भीती वाटते, आणि लांबून गोड बोललं तर माझं मलाच खोटं वाटतं." मी काहीतरी गुळमुळीत बोललो, तेवढ्यात चहा आला म्हणून उठलो. तेवीस वर्षं नोकरी झाली तरी याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. पण त्याच्या तोंडच्या 'खोटं' या शब्दाने एक जुनं प्रकरण वर आलं. घरी फक्त बायकोला माहीत आहे. आज इथे लिहितो.

२०१७-१८ चं साल. बीड जिल्हा, धारूरच्या डोंगरातली एक वस्ती. पहिली ते चौथी, द्विशिक्षकी शाळा, पट ३१. मी सहशिक्षक, तिसरी-चौथी माझ्याकडे. हा भाग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आमच्याकडे दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रकमध्ये भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या आणि पोरं भरून माणसं सांगली-कोल्हापूरकडे, नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत. तोवर गावात म्हातारी माणसं, आणि ज्यांची आजी धडधाकट आहे तेवढी पोरं.

त्या वर्षी माझ्या वर्गातली सहा मुलं गेली. त्यातला एक चौथीचा. त्याला इथे बाळू म्हणू. एकोणतीसचा पाढा उलटा म्हणायचा. दोन वर्षांच्या बहिणीला कडेवर घेऊन शाळेत यायचा, तिला दाराजवळ पोत्यावर बसवायचा आणि एक डोळा तिच्यावर ठेवून गणितं करायचा. निघायच्या आदल्या दिवशी माझा मोबाइल नंबर वहीत लिहून घ्यायला आला. मी म्हणालो, वही हरवशील, पाठ कर. पठ्ठ्याने दहा आकडे पाढ्याच्या चालीवर पाठ केले आणि दाराशी उभं राहून तीनदा म्हणून दाखवले. मला भरून आलं होतं. पण तोंडून काय निघालं? "बास. कळलं. जा घरी आता, आय वाट बघत असंल."

माझ्या वडिलांनी माझ्या पाठीवर हात ठेवल्याचं मला आठवत नाही. एस.टी.त चढवून देताना ते खिडकीशी यायचे, गजाला धरून उभे राहायचे आणि गाडी सुटली की मान वळवायचे. तेच माझ्यात उतरलंय. सबब म्हणून सांगत नाही, आहे ते सांगतो.

सुट्टीनंतर शाळा भरली. मुख्याध्यापक म्हणाले, गेलेल्यांची नावं लावत राहा, उपस्थिती खाली गेली की वरून खुलासा मागतात. मी नाही म्हणू शकलो असतो. ते काही दरडावणारे नव्हते. पण खरं सांगायचं तर मलाही ते हवंच होतं. बाळूच्या नावापुढे महिनाभर 'गै.ह.' (गैरहजर) लिहायला हात होईना. वाटायचं, नाव लागतंय तोवर पोरगा शाळेत आहे. ही माझी त्याच्यावरची माया, असं मी मनात धरून चाललो होतो.

पहिल्या दिवशी सवयीने त्याचं नाव मोठ्याने घेतलं. क्षणभर शांतता. मग मागच्या ओळीतून कोणीतरी थेट बाळूचा आवाज काढला, "हजर, सर!" वर्ग हसला. मीही हसलो आणि हजेरी लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डिसेंबरपर्यंत मुलांनी आपसात पाळ्या लावून घेतल्या होत्या, "आज मपला नंबर, काल तू म्हनला व्हतास." मला कौतुक वाटायचं. बघा, पोरं आपल्या गड्याला विसरली नाहीत! पाच महिने रोज सकाळी प्रार्थनेनंतर पहिलं काम म्हणून मी वर्गाकडून एक खोटं म्हणवून घेतलं, आणि तेही हसतखेळत. हे तेव्हा लक्षातसुद्धा आलं नाही.

जानेवारीत फोन आला. कोल्हापूरकडच्या एका शाळेतले शिक्षक होते. "सर, तुमचा एक मुलगा आमच्याकडे आलाय. नंबर तोंडपाठ म्हणून दाखवला बघा! त्याला शिक्षण हमी पत्रक दिलं नाही का?"

स्थलांतर करणाऱ्या मुलाला मूळ शाळेने हे कार्ड द्यायचं असतं. मूल कितवीत आहे, कधीपासून गेलं, कुठवर शिकलं, अशी नोंद त्यावर असते. ते दाखवलं की जिथे ऊसतोड्यांची टोळी उतरते तिथल्या शाळेत मूल बसतं, आणि पुढच्या गावी गेलं तर तिथेही. मी म्हणालो, "देतो पाठवून." फोन ठेवला आणि मग उजेड पडला. कार्डावर लिहायचं की मुलगा नोव्हेंबरपासून इथे नाही. आणि त्याच दिवशी सकाळी मी त्याला हजर लावलं होतं.

त्यांचे अजून दोन फोन आले. दुसऱ्याला म्हणालो, मुख्याध्यापक रजेवर आहेत. तिसरा उचलला नाही.

त्या वर्षी ऊस अमाप होता. बाळूचं घर एप्रिल सरता सरता परत आलं. सकाळची शाळा होती. तो आला तो वर्तमानपत्रात गुंडाळलेला गुळाचा खडा घेऊन. "सर, तिकडचा हाय." खडा घेताना त्याचे तळवे दिसले. पाचटाने कापलेल्या बारीक काळ्या रेघा, काही भरलेल्या, काही ओल्या. उजव्या अंगठ्याचं नख अर्धं गेलेलं. मी विचारलं, "वाढं बांधत होतास काय?" वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. तो नुसता हसला.

हजेरी घ्यायला लागलो. त्याचं नाव घेतलं आणि दोन आवाज आले. एक त्याचा, आणि एक ज्याची त्या दिवशी पाळी होती त्याचा. वर्ग खो खो हसला. बाळू बावचळला. तेव्हा पोरांनी त्याला अभिमानाने सांगितलं, "आमी रोज तुपली हजेरी द्येत व्हतो! तू एक दिस बी गैरहजर न्हाईस!"

शाळा सुटल्यावर तो टेबलाशी आला. रागाने नव्हे, खरंच कळावं म्हणून विचारत होता. "सर, म्या हितं हजर व्हतो, तर त्या सरांनी कागूद मागितला तवा तुमी धाडला का न्हाई?"

तिकडच्या सरांनी त्याला कार्डाशिवायच आठ-दहा दिवस बसवलं होतं. मग टोळी दुसऱ्या फडावर गेली. तिथल्या शाळेत "कागद आण" म्हणाले. नंतर तो बहीण सांभाळत राहिला आणि वाढं बांधत राहिला.

मी त्याला म्हणालो, "विसरलो रे."

बस, एवढंच आहे. पुढच्या दिवाळीच्या आधी मी जाणाऱ्या सगळ्या मुलांची कार्डं भरली, तालुक्याला जाऊन लॅमिनेट करून आणली आणि हजेरीपत्रकावर 'गै.ह.' लिहिलं. खुलासा मागितला गेला. दिला. त्यापलीकडे काहीही झालं नाही. एवढ्यालाच आम्ही घाबरत होतो.

त्या तरुण शिक्षकाला काय सांगावं हे अजून कळत नाही. तुमच्याकडे कसं असतं ते लिहा.

---

अर्धा कप

'विसरलो रे' पाशी थांबलो. उरलेलं नंतर वाचलं.

---

हिशेबनीस

लेख चांगला आहे, डोळ्यांत पाणी वगैरे ठीक. पण एक हिशेब राहिला. पहिली ते पाचवीला पोषण आहारात डोई १०० ग्रॅम तांदूळ. सहा मुलं, महिन्याचे २४ दिवस धरले तर १४ किलो ४०० ग्रॅम. पाच महिन्यांचे ७२ किलो. ते कुठे गेले हे लेखात कुठेच नाही. प्रामाणिकपणावरच धागा आहे म्हणून विचारतो.

---

पाटीपेन्सिल

@हिशेबनीस, माणूस काय लिहितोय आणि तुम्ही तांदूळ मोजताय.

---

डोंगरपट्टा

@पाटीपेन्सिल, मोजू द्या. मोजायलाच हवं.

@हिशेबनीस, बरोबर जागा पकडलीत. लिहिताना तिथे माझा हात अडखळला होता आणि मी पुढे गेलो. भात जास्त शिजायचा हे मी रोज बघत होतो. राहिलेल्या मुलांना दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मिळायचा. नातवंडं फडावर गेलेल्या दोन-तीन म्हाताऱ्या जर्मनचा डबा घेऊन यायच्या, त्यांना स्वयंपाकीण मावशी घालायची. सगळा तांदूळ असाच गेला का? सांगू शकत नाही. कोठीची किल्ली माझ्याकडे नव्हती, साठा नोंदवहीवर माझी सही नव्हती, आणि मी एकदाही विचारलं नाही. ते न विचारणं माझं.

---

पन्हाळ्याची वाट

मी फोनच्या दुसऱ्या टोकाचा. म्हणजे तो शिक्षक मी नव्हे, पण आमच्या शाळेच्या मागे दरवर्षी पाच-सहा टोळ्या उतरतात. कोप्या (त्यांच्या झोपड्या) उभ्या राहिल्या की आम्ही सायंकाळी एक फेरी मारतो. दिवसा गेलात तर कोपीत फक्त तान्ही आणि त्यांना सांभाळणारी असतात.

दोन गोष्टी सांगतो. पहिली, कार्ड नाही म्हणून मूल न बसवणं हीच मुळात चूक. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा, स्वच्छ सांगतो की दाखला यायला उशीर झाला हे प्रवेश नाकारायचं किंवा लांबवायचं कारण होऊ शकत नाही. तेव्हा त्या दुसऱ्या शाळेचा वाटा तुम्ही आपल्या डोक्यावर घेऊ नका.

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे. कायदा काहीही सांगो, कार्ड घेऊन आलेलं मूल आणि नुसतं आलेलं मूल यांत आमच्याकडे फरक पडतो. कार्ड असलं की त्याला नोंद मिळते, ताटात भात मिळतो, आणि माझ्यासारख्याला कळतं की चौथीतला आहे, भागाकार येतो. नाहीतर काय होतं? पोरगं लाजतं, बोलत नाही, आम्ही त्याला दुसरीत बसवून बाराखडी गिरवायला देतो. एकोणतीसचा पाढा उलटा म्हणणाऱ्याला! असं माझ्या हातून झालेलं आहे. तीन आठवड्यांनी कळलं, तोवर टोळी हलायची वेळ आली होती.

आणि सीमेपलीकडे कानडी शाळेशेजारी टोळी उतरली तर ते वेगळंच दुखणं.

---

रेवा_ठाणे

मूळ प्रश्न माया दाखवण्याचा होता, त्याकडे येते. मी खाजगी शाळेत, पहिलीला शिकवते. वर्गात कॅमेरा. पोक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, २०१२ मध्ये आला, त्यानंतर हळूहळू आमच्याकडे नियम घट्ट होत गेले. मुलांना चांगला स्पर्श-वाईट स्पर्श शिकवतो आणि स्वतः मात्र हात पाठीमागे बांधून फिरतो. हे नियम नकोत असं मी अजिबात म्हणणार नाही. ज्या कारणांनी ते आले ती कारणं खरी आहेत, आणि पुरुष शिक्षकांची अडचण त्याहून मोठी आहे हेही दिसतं.

पण मागच्या जूनमध्ये एक मुलगा पहिल्या दिवशी इतका रडत होता की श्वास अडकत होता. मावशी येईपर्यंत थांबायचं असा नियम. मी फरशीवर बसले. त्याच्या उंचीची झाले फक्त. हात उघडा ठेवला मांडीवर. दोनेक मिनिटांनी त्याने माझं एक बोट धरलं, करंगळीशेजारचं. डबा खायच्या सुट्टीपर्यंत सोडलं नाही. मी एका हाताने फळ्यावर 'अ' काढला.

डोंगरपट्टा, तुम्हाला दाखवता आलं नाही असं तुम्ही म्हणता ते मला पटत नाही. तुम्ही त्याला नंबर पाठ करायला लावला. तो मुलगा अनोळखी गावात, अनोळखी मास्तरांसमोर उभा राहिला आणि त्याच्याकडे सांगायला दहा आकडे होते. दाखवलं तुम्ही. नंतर फोन उचलला नाही, ही पुढची गोष्ट.

---

डोंगरपट्टा

@रेवा_ठाणे, म्हणजे दाखवलं आणि मग निभावलं नाही. ते जास्त वाईट झालं की हो.

---

मराठीचे सर

आम्ही दहावीवाले याच जातीचे. भाषेला ८० लेखी आणि २० शाळेच्या हातात. त्या २० मध्ये १८-१९ च्या खाली कोणी देत नाही. का? मुलाचं नुकसान नको. पालक काय म्हणतील. शेजारची शाळा २० देते मग आपली पोरं मागे का? सगळं प्रेमापोटीच.

मग एक वर्ष ते २० गुण काढून घेतले. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ ला ८९.४१ टक्के होता, तो २०१९ ला ७७.१० वर आला. ओरड झाली, गुण परत आले, २०२० ला ९५.३० टक्के. त्या एका वर्षात अभ्यासक्रमही नवा होता, भूगोलाचा पेपर २०२० ला झालाच नाही, सगळा दोष २० गुणांचा नाही हे मान्य. पण २०१९ च्या जूनमध्ये माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील शाळेत आले होते. मराठीत २९. ते भांडले नाहीत. विचारलं एवढंच, "सर, नववीपर्यंत तर बरं चाललंय म्हणत होता ना तुम्ही?"

त्याला परिच्छेद सलग वाचता येत नव्हता, हे मला आठवीपासून माहीत होतं. दरवेळी शेऱ्यात 'प्रगती समाधानकारक' लिहिलं होतं. तेव्हा तुमच्या वर्गातलं ते 'हजर, सर' मला ओळखीचं वाटलं.

---

हिशेबनीस

@मराठीचे सर, मग आता किती देता २० पैकी?

---

मराठीचे सर

१८. खोटं कशाला बोलू.

पण तोंडी परीक्षा खरोखर घेतो. एकेकाला बोलावून, दहा दहा मिनिटं. आणि काय येत नाही ते मुलाला तोंडावर सांगतो, पालकांनाही. गुण मात्र १८. तुम्ही याला दुटप्पीपणा म्हणाल, म्हणा. माझ्या एकट्याच्या वर्गाला १२ दिले तर त्यांचा अकरावीचा प्रवेश मी करून देणार आहे का?

---

शेवटचा बाक

माझं जरा वेगळं. मी शिक्षक नाही, विद्यार्थी होते. आमच्या चौथीच्या गुरुजींची माया गावभर प्रसिद्ध. स्वतःच्या डब्यातली पोळी मुलांना द्यायचे, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसलेल्यांना घरी बोलावून रात्री कंदिलावर शिकवायचे, एक पैसा घेतला नाही. आजही त्यांचं नाव निघालं की माणसं हळवी होतात. मी नाही होत. कारण पोळी त्या पाच-सहा जणांनाच. आम्ही उरलेले सतरा जण म्हणजे वर्ग भरायला लागतात ती मुलं. मला शाळेच्या चार वर्षांत त्यांनी नावाने हाक मारलेली आठवत नाही. 'ए निळी' म्हणायचे, माझा एकच फ्रॉक निळा होता म्हणून.

तर, डोंगरपट्टा सर, राग मानू नका. बाळू तुमच्या लक्षात राहिला कारण त्याला एकोणतीसचा पाढा येत होता. तुमच्या वर्गातली सहा मुलं गेली होती. बाकी पाच जणांची नावं आठवतात?

---

विचारमंथन

अतिशय चिंतनीय धागा. या निमित्ताने पूज्य साने गुरुजींचे स्मरण होते. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये असताना छात्रालयातील मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, त्यांचे कपडे धूत, आणि मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. आजच्या शिक्षकांनी हा आदर्श समोर ठेवला तर असे प्रश्नच उद्भवणार नाहीत.

---

पाटीपेन्सिल

@विचारमंथन, गुरुजींचं नाव प्रत्येक शिक्षकदिनाच्या भाषणात येतं, आणि भाषण संपलं की पोषण आहाराची माहिती ऑनलाइन भरायला बसतो आम्ही. पण तुम्ही लिहिलेल्यातलं एक मला नेहमी आवडतं. ते 'मी तुमच्यावर प्रेम करतो' म्हणत बसले नाहीत. खोली झाडलेली असायची. मूल शाळेतून येऊन बघायचं तर पसारा आवरलेला.

अवांतर: माझ्या पहिल्या शाळेत मी खोल्या झाडायचो, कारण शिपाई नव्हता. कोणी छायाचित्र लावलं नाही माझं.

---

डोंगरपट्टा

@शेवटचा बाक, राग कसला. तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री झोप आली नाही एवढंच. चार नावं आठवली. पाचवं काही केल्या येईना. शेवटी त्या वर्षीच्या प्रजासत्ताकदिनाचा फोटो मोबाइलमध्ये शोधायला लागलो, मग लक्षात आलं की २६ जानेवारीला ती मुलं नव्हतीच. १५ ऑगस्टचा सापडला. खांबाला टेकून उभी असलेली, केसांना पिवळी रिबीन लावलेली मुलगी. तिसरीची. तिचं नाव मग आलं. तिच्या हजेरीलाही कोणीतरी 'हजर' म्हणत असणार रोज. कोण म्हणायचं ते अजिबात आठवत नाही. तिला कोणी फोन नंबर पाठ करायला लावला नव्हता.

---

शेवटचा बाक

शोधलंत हे बरं केलंत.

---

कोयत्याची लेक

दोन दिवस वाचतेय. लिहू की नको करत होते.

माझे आई-वडील बावीस हंगाम गेले. मी दोन वर्षं त्यांच्याबरोबर होते, मग आमच्या गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं तेव्हा आजीकडे राहिले. आता पुण्यात नर्स आहे.

एक गोष्ट इथे कोणी बोललं नाही. आमच्या आईबापांना ती खोटी हजेरी आवडायची. आई फडावरून आजीला फोन करून विचारायची, "गुर्जी नाव लावत्यात ना?" नाव लागतंय म्हणजे शाळा चालू आहे असा तिचा समज. मला वाचता येतंय का, हा प्रश्न तिने कधी विचारला नाही, कारण तो कसा विचारायचा हे तिला माहीत नव्हतं. तुम्ही नाव लावून तिला जो दिलासा देत होता, त्यावर ती पाच महिने मोळ्या वाहत होती. हे तुम्हाला दुखावायला लिहीत नाही.

माया म्हणाल तर आमच्या बाई. तोंडाने फटकळ. "म्हशे", "घोडे" याशिवाय हाक नाही. वसतिगृहात आम्हा सगळ्या मुलींच्या डोक्यात उवा झाल्या. बाईंनी घरून फणी आणली, शनिवारी अर्ध्या दिवसाच्या शाळेनंतर एकेकीला पायात धरून बसवलं आणि शिव्या देत देत उवा काढल्या. अकरा मुली होतो. बाईंचं घर तालुक्याला, दोनची एस.टी. चुकली की पाचची. त्या पाचच्याने गेल्या. पुढच्या शनिवारी परत. लिखा राहतात म्हणून.

त्याच बाईंनी मला तिसरीच्या परीक्षेत गणितात शून्य दिलं होतं. खरोखरचं शून्य, वहीवर गोल काढून. आणि आजीला घरी येऊन सांगितलं, पोरीला वजाबाकी येत नाही, रोज संध्याकाळी दिव्याला माझ्याकडे... नाही, तालुक्याला कशी जाणार. रोज मधल्या सुट्टीत माझ्यापुढं बसंल. बसले. हातच्याची वजाबाकी मला त्या मधल्या सुट्टीत आली. आज सलाइनचे थेंब मोजते.

सर, बाळू आता कुठे असतो?

---

अर्धा कप

@कोयत्याची लेक, तुम्ही वेगळा धागा काढा. खरंच.

---

डोंगरपट्टा

@कोयत्याची लेक, तुमच्या आईचं वाचलं. तो भाग मला ठाऊकच नव्हता. आम्ही समजत होतो की हे खोटं फक्त वरच्या साहेबांसाठी आहे.

बाळू गेल्या वर्षी दहावी झाला, ५४ टक्के. हंगामात एका ट्रॅक्टरवर जातो, बाकीचे महिने केजला एका गॅरेजमध्ये. बहीण शाळेत आहे, ती आजीपाशी राहते, फडावर नेत नाहीत तिला. ते त्यानेच धरून लावलं म्हणे.

हा धागा टाकल्यावर परवा रविवारी केजला गेलो होतो. काम दुसरंच होतं, पण पाय गॅरेजकडे वळले. जॅकखाली होता. बाहेर आला, हात ऑइलचे म्हणून कोपराने नमस्कार केला. मी आधी कारखाना, बहीण, पाऊस असं इकडचं तिकडचं बोललो. मग म्हणालो, "बाळू, तेव्हा मी तुला विसरलो म्हणून सांगितलं होतं. मी विसरलो नव्हतो. हजेरी लावून बसलो होतो म्हणून कागद देता आला नाही."

तो पान्याला फडकं चोळत होता. म्हणाला, "ठाव हाय सर. तुमी कुटं काय इसरत व्हता." मग आत जाऊन मालकाला सांगून आला आणि म्हणाला चला, चहा घिऊ. टपरीवर पैसे त्यानेच दिले. मी खिशात हात घातला तर माझं मनगट धरलं त्याने. ऑइलचा डाग बाहीवर आहे अजून, बायको म्हणाली निघणार नाही.

---

नवा_मास्तर

सर, शिक्षण परिषदेत तुम्हाला तो प्रश्न विचारणारा मीच. चहाला उठून गेलात तेव्हा वाटलं, काहीतरी चुकीचं विचारलं.

माझ्या शाळेतली नऊ मुलं दिवाळीनंतर जाणार आहेत. मुख्याध्यापिकांना कार्डाचं विचारलं तर म्हणाल्या, मागच्या वर्षी कोणी भरलं नव्हतं. नमुना मिळेल का? आणि कधी भरायचं, मुलं गेल्यावर की आधी?

---

डोंगरपट्टा

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. सुट्टी लागायच्या आधी भरा, सुट्टीत सगळे निघून जातात. मुलाच्या हातात नका देऊ, आईच्या हातात द्या आणि पिशवीत कुठे ठेवलं ते तिच्यासमोर बघा. मागच्या बाजूला तुमचा नंबर मोठ्या अक्षरात लिहा. आणि पाठही करून घ्या, नऊच्या नऊ जणांकडून.

---

पन्हाळ्याची वाट

कारखान्याचं आणि मुकादमाचं नावही लिहा. टोळी रातोरात हलली तर आम्हाला त्यावरूनच शोधता येतं. आणि काय येतं तेही लिहा त्यावर, एका ओळीत. 'चौथी' एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही.